शायलॉकची भूमिका वाट्याला आली असेल तर

शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ बसवायचे ठरले, भूमिका वाटल्या गेल्या आणि शायलॉक, म्हणजे कर्ज मुदतीत न फिटल्यास अँटोनियोच्या अंगचे पौंडभर मांस घेण्याचा रोखा लिहून घेणारा ज्यू सावकार, तुमच्या वाट्याला आला, की पहिल्याच तालमीत दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. एक गट सांगतो, की हा खलनायक आहे, तेव्हा आवाज खाली आण, डोळे बारीक कर, सुरी परजताना हस. दुसऱ्या गटाने त्यातले प्रसिद्ध भाषण कुठेतरी ऐकलेले असते. तो सांगतो, की हा छळलेला माणूस आहे, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे. नवखा नट दोघांचेही ऐकतो आणि पहिल्या अंकात दुष्ट, तिसऱ्यात दीनवाणा व चौथ्यात पुन्हा दुष्ट असा तीन तुकड्यांचा माणूस उभा करतो. सोलापुरात हौशी मंडळींना घेऊन हे नाटक बसवण्याच्या प्रक्रियेतून मी गेलो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. शायलॉकचे खलत्व आणि त्याच्याविषयी वाटणारी सहानुभूती या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रवेशांत वाटून टाकता येत नाहीत. त्या एकाच भाषणात, कधी कधी एकाच वाक्यात, एकमेकींना चिकटून येतात, आणि त्या तशाच चिकटलेल्या राहू देणे हे या भूमिकेचे खरे कष्ट आहेत. ते कष्ट कोणत्या क्रमाने घ्यावेत, ते पुढे सांगतो.

तयारीला लागण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ असू द्या:

- मूळ नाटकाची टिपांसह छापलेली संपूर्ण प्रत. केवळ न्यायसभेच्या प्रवेशाची झेरॉक्स चालणार नाही.
- मराठी अनुवाद, शक्य असल्यास दोन. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयापासून शोध सुरू करावा. आपल्या महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागाचे कपाटही पाहावे.
- दोन रकाने आखलेली वही. तिचा उपयोग तिसऱ्या पायरीत सांगितला आहे.
- रंगमंचावरच्या वस्तू: कर्जरोख्याचा कागद, दोन पारड्यांचा हातात धरायचा तराजू, धार पूर्ण घालवलेली सुरी. या वस्तू रंगीत तालमीच्या दिवशी आणू नयेत, पहिल्या आठवड्यापासून हातात असाव्यात.
- अनुवादाच्या परवानगीचा आणि संहितेच्या प्रमाणपत्राचा कागद. याविषयी शेवटच्या पायऱ्यांत.

१. आधी पूर्ण नाटक वाचा आणि शायलॉक त्यात किती आहे ते पाहा

नाटकात वीस प्रवेश आहेत आणि शायलॉक त्यांपैकी केवळ पाच प्रवेशांत रंगमंचावर येतो. पाचव्या अंकात तर तो मुळीच नाही. नावातला ‘मर्चंट’ही तो नव्हे, तो व्यापारी म्हणजे अँटोनियो. १६०० साली नाटक प्रथम छापले गेले तेव्हा मुखपृष्ठावर शायलॉकच्या ‘पराकोटीच्या क्रौर्या’चा उल्लेख होता, म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला तो काय म्हणून विकला जात होता हे उघड आहे. आणि तरीही हे नाटक सुखान्तिका आहे. त्यात प्रेमिकांच्या जोड्या जुळतात, पेट्यांचे कोडे सुटते, अंगठ्यांची थट्टा होते. या हसऱ्या नाटकाच्या पोटात तुमचा माणूस बसलेला आहे, हे ज्या नटाला कळत नाही तो पहिल्या प्रवेशापासून शोकान्तिकेचा सूर लावतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत त्याच्याजवळ खर्च करायला काही उरत नाही.

२. आपला ओळखीचा सावकार तालमीच्या खोलीबाहेर ठेवा

ही पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवा. आपल्याकडच्या नटाला ‘व्याजाने पैसे देणारा’ असे सांगितले, की त्याच्या अंगात आपोआप एक माणूस शिरतो: लोडाला टेकून बसलेला, चोपडी उघडी टाकलेला, ज्याच्यापुढे गाव वाकते असा. सोलापूर जिल्ह्यात सावकारी हा विषय पुस्तकातला नाही. जमिनीच्या, दागिन्यांच्या गहाणाच्या गोष्टी अनेक घरांत सांगितल्या जातात, आणि २०१४ साली राज्याला सावकारीच्या नियमनासाठी नवा कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. त्यामुळे प्रेक्षकही हीच प्रतिमा घेऊन आत येतो. तुम्ही ती उचलली, तर पहिल्या प्रवेशात त्याला लगेच ओळख पटेल, टाळीही मिळेल, आणि पुढचे सगळे नाटक खोटे पडेल.

कारण आपला सावकार सत्तेच्या आत बसलेला असतो आणि शायलॉक सत्तेच्या दारात उभा आहे. इंग्लंडमधून १२९० साली ज्यूंना हद्दपार केलेले होते, म्हणजे शेक्सपिअरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी उघडपणे ज्यू म्हणून वावरणारा माणूस पाहिलेला नसावा. त्यांच्याजवळ होत्या त्या ऐकीव कथा आणि १५९४ साली राणीच्या ज्यू वंशाच्या वैद्याला, रोड्रिगो लोपेझला, विषप्रयोगाच्या कटाच्या आरोपावरून दिलेल्या फाशीची आठवण. व्हेनिसमध्ये ज्यूंना राहू दिले जात होते, पण १५१६ पासून त्यांच्यासाठी वेगळी वस्ती नेमून दिलेली होती आणि रात्री तिची दारे बंद होत. अनेक धंदे त्यांना बंद होते. व्याजाने पैसे देणे ख्रिस्ती धर्माला निषिद्ध मानले जाई, म्हणून ते काम ज्यूंकडे सोपवायचे आणि ते करतात म्हणून त्यांच्यावर थुंकायचे, अशी ती व्यवस्था होती. अँटोनियो शायलॉकवर खरोखरच थुंकलेला आहे. शायलॉक त्याची आठवण करून देतो तेव्हा अँटोनियो नाकबूल करत नाही. पुन्हाही थुंकेन, पुन्हाही लाथ मारीन, असे कर्ज मागता मागताच सांगतो. गावच्या सावकाराशी कर्जदार असे बोलू शकेल काय, हा प्रश्न स्वतःला विचारा, म्हणजे दोन माणसांतला फरक लक्षात येईल.

मराठी नटाला मदत करील अशी एक गोष्ट मात्र याच प्रवेशात आहे. ज्याच्यासाठी अँटोनियो हे कर्ज काढतो तो मित्र बासानियो जेवायला बोलावतो तेव्हा शायलॉकचे म्हणणे असे, की तुमच्याशी मी देणेघेणे करीन, बोलेन, चालेन. पण तुमच्याबरोबर जेवणार नाही, पिणार नाही, प्रार्थना करणार नाही. रोटीव्यवहार म्हणजे काय हे ज्या समाजाला शिकवावे लागत नाही, त्याच्यासमोर हे वाक्य कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय पोहोचते. ते तिरस्काराने फेकू नका. रोजचा नियम सांगावा तसे सांगा. मग दुसऱ्या अंकात हाच माणूस स्वतःचा नियम मोडून, द्वेषानेच का होईना, त्याच घरी जेवायला जातो आणि नेमकी त्याच रात्री त्याची मुलगी घर सोडून जाते, ही गोष्ट प्रेक्षकाला आपसूक जुळवता येते.

जाता जाता एक सांगायला हवे. महाराष्ट्राला ज्यू माणूस अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतके मराठी बोलत आले, तेलाच्या घाण्यांवर राबले आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेले. सावकारीशी त्यांचा काही संबंध नव्हता. ‘ज्यू म्हणजे व्याजखोर’ हे समीकरण युरोपातल्या एका व्यवस्थेने तयार केलेले आहे, ते आपल्या प्रयोगातून नव्याने आयात होऊ नये, याची जबाबदारी दिग्दर्शकाइतकीच तुमचीही आहे.

३. वहीत दोन रकाने भरा: त्याचे स्वतःचे, आणि त्याच्याविषयी इतरांचे

पहिल्या रकान्यात शायलॉक रंगमंचावर स्वतः जे बोलतो किंवा करतो तेवढेच लिहा. दुसऱ्यात इतर पात्रे त्याच्याविषयी जे सांगतात ते लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून दोन मोठे सापळे टळतात.

पहिला सापळा असा. मुलगी पळाल्यावर शायलॉक रस्त्यातून ‘माझी मुलगी! माझ्या मोहरा!’ असा आक्रोश करत धावतो आणि पोरे मागे लागतात, हे दृश्य सर्वांना ठाऊक असते. कित्येक प्रयोगांत ते दाखवलेही जाते. नाटकात ते दृश्य नाही. सोलानियो आपल्या मित्राला त्याची नक्कल करून दाखवतो, इतकेच, आणि सोलानियो हा त्याची टर उडवणाऱ्यांपैकी आहे. शायलॉक खरोखर तसा धावला होता की नाही हे नाटककाराने आपल्याला दाखवलेले नाही. ती नक्कल खरी मानून भूमिका बसवली, तर तुम्ही शत्रूच्या साक्षीवर आपल्या माणसाला शिक्षा दिली असे होते.

दुसरा सापळा नेमका उलटा आहे आणि सहानुभूतीच्या बाजूचे लोक त्यात अडकतात. पहिल्या रकान्यातही भयंकर गोष्टी सापडतात, आणि त्या कोणा शत्रूने सांगितलेल्या नाहीत. पहिल्याच भेटीत, अँटोनियो अजून बोललेलाही नसताना, शायलॉक जनान्तिक (इतर पात्रांना ऐकू जाणार नाही असे) सांगतो, की हा ख्रिस्ती आहे म्हणून मी त्याचा द्वेष करतो, आणि त्याहून जास्त द्वेष यासाठी, की तो बिनव्याजी पैसे देऊन बाजारातला व्याजाचा दर पाडतो. एकदा का हा माझ्या कचाट्यात सापडला, की जुने वैर पोट भरून फेडीन. म्हणजे मुलगी पळण्यापूर्वीच सूडाची इच्छा मनात आहे. पुढे तोच माणूस म्हणतो, की मुलगी माझ्या पायाशी मरून पडलेली असती आणि दागिने तिच्या कानांत असते तर बरे झाले असते. ही वाक्ये संहितेतून कापणारे दिग्दर्शक भेटतात. कापू देऊ नका. ती कापल्यावर जो शायलॉक उरतो त्याची कीव करणे सोपे असते, आणि सोपी कीव प्रेक्षक नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरच विसरून जातो.

४. पाच प्रवेशांचे पाच वेगळे प्रश्न लिहा

प्रत्येक प्रवेशापुढे एकच प्रश्न लिहून ठेवा आणि त्या प्रवेशाच्या तालमीत फक्त तोच सोडवा.

पहिला प्रवेश कर्जाचा: तीन हजार मोहरा, मुदत तीन महिने. प्रश्न असा, की मांसाची अट ही थट्टा आहे की सापळा? शायलॉक ती ‘गंमत’ म्हणून घालतो आणि, लक्षात घ्या, या व्यवहारावर तो एक पैसाही व्याज लावत नाही. अँटोनियोची गलबते मुदतीच्या आत परतणार असे त्या क्षणी सर्वांनाच वाटते आहे. माझ्या मते नटाने याचे उत्तर स्वतःजवळही अर्धवट ठेवावे: शायलॉकला ती अट अमलात येईल असे वाटत नाही, पण कागदावर ती असावी यात त्याला सुख आहे. थुंकणाऱ्या माणसाची सही आपल्या हातात असणे हेच त्याचे व्याज. असे धरले, तर तुम्हाला खलनायकी हसूही लागत नाही आणि निरागसपणाचे सोंगही लागत नाही.

दुसरा प्रवेश घरातला, लहान, आणि म्हणून नवखे नट तो उरकून टाकतात. प्रश्न: हा बाप कसा आहे? तो जेसिकाजवळ किल्ल्या देतो, दारे लावून घे म्हणतो, खिडक्या बंद कर म्हणतो, रस्त्यावरच्या नाचगाण्याचा आवाजही घरात नको म्हणतो. त्याला मुलीवर विश्वास आहे म्हणूनच किल्ल्या तिच्या हाती जातात, आणि तिचे घर तुरुंगासारखे आहे हेही त्याच बोलण्यातून कळते. प्रेम आणि जाच इथे वेगळे काढता येत नाहीत. ओरडून बोललात तर प्रेक्षकाला तिच्या पळून जाण्याचे नुसते समाधान वाटेल. हळुवार बोललात तर तिच्यावर राग येईल. दोन्ही व्हायला नकोत.

तिसऱ्या आणि पाचव्या प्रवेशांसाठी पुढे स्वतंत्र पायऱ्या आहेत. चौथा प्रवेश अगदी छोटा: अटकेतला अँटोनियो तुरुंगाच्या पहारेकऱ्याबरोबर रस्त्यात आहे आणि शायलॉक ‘मला माझा रोखा हवा’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगतो. प्रश्न: ऐकून घेणे त्याने केव्हा थांबवले? येथे सहानुभूती मागू नका. कारण नसताना मला कुत्रा म्हणालास, आता कुत्राच आहे तर माझ्या दातांपासून सांभाळ, हे वाक्य धमकी म्हणूनच उभे राहिले पाहिजे. त्यातले दुःख प्रेक्षकाला आधीच्या प्रवेशावरून ठाऊक आहे.

५. ‘ज्यूला डोळे नसतात काय’ हे भाषण शेवटच्या वाक्यापासून बसवा

वक्तृत्व स्पर्धांनी या भाषणाची फार हानी केली आहे. ते तोडून घेतले जाते, मानवतेचे आवाहन म्हणून म्हटले जाते, आणि टोचले तर आम्हाला रक्त येत नाही काय, या ओळीपाशी आवाज ओला होतो. पण भाषण तेथे संपत नाही. त्याची पुढची पायरी आहे: आणि तुम्ही आमच्यावर अन्याय केलात तर आम्ही सूड घेणार नाही काय? मग तो सांगतो, की जे दुष्टपण तुम्ही मला शिकवलेत तेच मी करून दाखवीन, आणि शिकवल्यापेक्षा सरस करीन. अँटोनियोचे मांस घेऊन काय करणार, या प्रश्नाला ‘माशांना आमिष म्हणून घालीन, बाकी कशाचे पोट भरले नाही तरी माझ्या सूडाचे भरेल’ असे उत्तर देऊन हे भाषण सुरू झालेले आहे, हेही विसरू नये. म्हणजे दोन्ही टोकांना सूड आहे आणि माणुसकीचा युक्तिवाद मधे आहे. सर्व माणसे सारखी आहेत या निर्विवाद सत्यावर पाय ठेवून हा माणूस खुनाचे समर्थन करतो आहे.

म्हणून तालीम उलट्या क्रमाने करा. आधी शेवटचे वाक्य इतके पक्के करा, की ते कोठून आले हे तुमच्या शरीराला कळेल. मग मागे मागे जा. असे केल्यावर डोळे, हात, इंद्रिये, भूक, आजार, औषध, उन्हाळा, हिवाळा ही यादी रडगाण्यासारखी येत नाही. वकील पुरावे मांडतो तशी येते, एकावर एक, श्वास न घेता. प्रेक्षक प्रत्येक पुराव्याला मनातून होकार देत जातो, आणि शेवटच्या वाक्याला आपण कशाला होकार दिला हे त्याच्या लक्षात येते. या भाषणानंतर टाळी पडली, तर दिग्दर्शकाशी बोलून वेग तपासा. टाळीला जागा देणारा पॉज कोठेतरी राहून गेलेला असतो.

त्याच प्रवेशात लगेच त्याचा ज्यू मित्र ट्युबल येतो आणि शायलॉकला एका वाक्यात मुलीची उधळपट्टी व दुसऱ्या वाक्यात अँटोनियोचे बुडालेले जहाज अशा बातम्या आलटूनपालटून देतो. तडफड आणि आनंद यांच्यात तो इतक्या वेगाने हेलकावतो, की प्रेक्षागृहात हशा येणारच. येऊ द्या. कारण त्या हशातच अंगठीची बातमी येते: जेसिकाने एका माकडाच्या बदल्यात एक अंगठी देऊन टाकली. लग्नापूर्वी लीआने (बहुधा त्याच्या बायकोने) दिलेली ती अंगठी, माकडांच्या अख्ख्या रानाच्या बदल्यातही मी दिली नसती, असे शायलॉक म्हणतो. या स्त्रीचा उल्लेख नाटकात याखेरीज कोठेही नाही. एवढ्या एका ओळीत त्या माणसाला भूतकाळ मिळतो. ती ओळ आळवू नका, कारण तिच्यानंतर काही वाक्यांतच तो ट्युबलला शिपायाची आगाऊ सोय करायला सांगतो आणि हिशेबीपणे जोडतो, की अँटोनियो व्हेनिसमधून गेला, की मला हवा तसा व्यापार करता येईल. अंगठी रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवण्याचा, तिची पेटी वगैरे जवळ बाळगण्याचा मोह अनेकांना होतो. ती कधीच दिसत नाही, म्हणून तर ती लागते.

६. न्यायसभेत कागद, तराजू आणि सुरी यांच्यावर विश्वास ठेवा

या प्रवेशात शायलॉक जवळजवळ शेवटपर्यंत जिंकत असतो, तेव्हा कपाळावर आठ्या घेऊन प्रवेश करू नका. तो शांत असतो. का हवे मांस, असे विचारल्यावर तो कारणच देत नाही: माझी लहर, समजा. दुप्पट रक्कम, सहा हजार मोहरा, पुढे केल्या जातात. तो हात लावत नाही. जो प्रेक्षक त्याला पैशाचा लोभी समजून बसला आहे, त्याची समजूत येथे मोडते, आणि मोडल्यावर भीती वाढते, कारण लोभी माणसाशी तडजोड होऊ शकते.

नंतर तो एक युक्तिवाद करतो ज्याला कोणीच उत्तर देत नाही. तुम्ही विकत घेतलेले गुलाम बाळगता, त्यांना गाढवा-कुत्र्यांसारखे राबवता. त्यांना मोकळे करा, आपल्या मुली त्यांना द्या, असे मी म्हटले तर ‘ते आमचे आहेत’ असे सांगाल. तसेच हे मांस मी विकत घेतले आहे. युक्तिवाद क्रूर आहे आणि समोरच्यांचे ढोंग उघडे पाडणाराही आहे. हे भाषण सभेतल्या प्रतिष्ठितांकडे पाहून करा, अँटोनियोकडे पाहून करू नका.

सुरीविषयी एक सूचना. तो ती जोड्याच्या तळव्यावर परजतो. हे बासानियोचा मित्र ग्रॅशियानो याच्या बोलण्यातून संहितेतच आहे, म्हणून करायलाच हवे. पण ते एखाद्या कारागिराने हत्यार तयार करावे तसे करा, प्रेक्षकांकडे बघत करू नका. तराजूही त्याने बरोबर आणलेला असतो. जखम बांधायला वैद्य आणला आहेस काय, असे न्यायपंडिताच्या वेशात आलेली पोर्शिया, म्हणजे बासानियोची बायको, विचारते तेव्हा तो ‘रोख्यात तसे लिहिले आहे काय?’ असे विचारतो आणि कागदात खरोखर शोधतो. या जागी तुमचा शायलॉक भयानक वाटला पाहिजे. वाटला नाही, तर पुढच्या पडझडीला किंमत नाही.

पडझड मात्र हळू घ्या. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये, या निर्णयानंतर तो पायरीपायरीने खाली येतो: आधी तिप्पट रक्कम मागतो, मग निदान मुद्दल, मग काहीच नको, जाऊ द्या. आणि तेवढ्यात पोर्शिया दुसरा कायदा काढते. एखाद्या परक्याने नागरिकाच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला, तर त्याची अर्धी मालमत्ता त्या नागरिकाला, अर्धी राज्याला, आणि प्राण ड्यूकच्या, म्हणजे व्हेनिसच्या शासकाच्या, दयेवर. दुसऱ्या पायरीत केलेली मेहनत येथे फळते: प्रवेशभर कायद्याला कवटाळून बसलेल्या माणसाला कळते, की कायद्याच्या लेखी तो परका आहे आणि तो कायदा आधीपासूनच पुस्तकात होता. शेवटी अँटोनियो त्याला ‘दया’ म्हणून धर्म बदलण्याची अट घालतो. शायलॉकची अखेरची बोलणी अगदी थोडी आहेत: मान्य आहे, मला बरे वाटत नाही, जाऊ द्या, कागद मागून पाठवा, सही करीन. येथे कोसळणे, हुंदका, दाराशी थांबून किंकाळी असे प्रकार मोठमोठ्या नटांनी केलेले आहेत, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. वाक्ये आहेत तशी म्हणा आणि जा.

७. सहानुभूती सहकलाकारांच्याही हातात आहे, हे दिग्दर्शकाला वेळीच सांगा

शायलॉक जाताना ग्रॅशियानो त्याची जी विटंबना करतो, तिला प्रेक्षक हसतात की नाही यावर तुमचा प्रयोग ठरतो. ग्रॅशियानो करणारा मुलगा विनोदी असेल तर तो हशा वसूल करणारच, आणि करावाही. मात्र त्या वेळी अँटोनियो, बासानियो आणि ड्यूक काय करतात, ते हसतात की नजर वळवतात, हे ठरवलेले असावे. अँटोनियोला संत करणे हा दुसरा नेहमीचा दोष. तो मित्रासाठी प्राण द्यायला निघालेला चांगला माणूस आहे आणि शायलॉकशी वागताना क्रूर आहे. दोन्ही गोष्टी त्याच्या तोंडच्या वाक्यांत आहेत. बहुतेक पात्रे शायलॉकला नावाने हाक न मारता ‘ज्यू’ म्हणतात. अनुवादात काही ठिकाणी ते सौम्य केलेले असते. मूळ प्रत शेजारी ठेवून ती जागा परत घ्या.

८. वेश, रंगभूषा आणि बोली

बाकदार नाक आणि तांबडा टोप ही जुन्या विनोदी शायलॉकची सामग्री. १७४१ साली चार्ल्स मॅकलिनने लंडनमध्ये त्याला विदूषकाच्या जागेवरून उठवून गंभीर खलनायक केले. १८१४ साली एडमंड कीनने तांबड्याऐवजी काळा टोप घालून त्याच्यातला माणूस दाखवला. १८७९ साली हेन्री आयर्व्हिंगने त्याला ताठ मानेचा, पीडित पुरुष बनवले. म्हणजे आज ज्या दोन सल्ल्यांमध्ये तुम्ही सापडला आहात, त्यांचा वाद बराच जुना आहे. १९४३ साली नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नामध्ये हेच नाटक ज्यूंचा द्वेष भडकवण्यासाठी रंगवले गेले, तेव्हा नकली नाक हा निरुपद्रवी खेळ राहिलेला नाही. साधा, लांब, गडद झगा पुरे. त्याचे कापड चाटी गल्लीत सहज मिळते.

बोलीबाबत सोलापूरकरांना वेगळी सूचना द्यावी लागते. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात आणि प्रत्येकीच्या वळणाची मराठी आपल्याला नक्कल करून दाखवता येते. शायलॉक परका दिसावा म्हणून त्याला पूर्व भागातल्या तेलुगू वळणाची किंवा उर्दूमिश्रित मराठी द्यावी, अशी कल्पना तालमीत हटकून निघते. हशा नक्की मिळेल, पण तो प्रेक्षागृहात बसलेल्या शेजाऱ्याच्या अंगावर जाईल आणि तुम्ही नेमके सोलानियोचे काम कराल. शायलॉकला प्रमाण मराठीच द्या, इतरांपेक्षा थोडी जास्त काटेकोर, कारण परक्याला चूक परवडत नाही. याच कारणासाठी नाटकाचे रूपांतर करून शायलॉकला आपल्याकडच्या एखाद्या समाजाचा दाखवू नये. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला आणि तो मराठी होऊन उभा राहिला, पण तसा मार्ग या नाटकात काढला, तर पात्राचा सगळा द्वेष कोणत्या तरी जिवंत समाजाच्या नावावर चढतो.

९. कागदपत्रे

शेक्सपिअरचे मूळ नाटक कोणालाही विनाशुल्क करता येते. अनुवाद तसा नसतो. आपल्या कायद्याप्रमाणे अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, म्हणून लेखी परवानगी आधी घ्या. स्वतः अनुवाद केलात तर ही अडचण उरत नाही. जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ती पाठवण्यापूर्वी काटछाट पूर्ण झालेली असावी. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या वर्षीची नियमावली आणि वेळेची मर्यादा पाहूनच प्रवेश निवडा.

१०. रंगीत तालमीआधी काही अनोळखी माणसांसमोर नाटक करून पाहा

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात जाण्यापूर्वी एखाद्या वर्गात पाच-दहा माणसे बसवा. त्यांत नाटक न वाचलेली माणसे जास्त असावीत. ‘कसे वाटले’ असे विचारू नका, कारण ‘छान’ हे उत्तर निरुपयोगी असते. प्रत्येकाला एकच विचारा: तुम्ही शायलॉकच्या बाजूने कोणत्या वाक्याला झालात आणि त्याच्याविरुद्ध कोणत्या वाक्याला? सगळ्यांनी एकच जागा सांगितली, तर तेथे तुम्ही अभिनयाने ढकलत आहात. ती जागा सपाट करा. कोणी बाजू बदललीच नाही असे म्हणाला, तर तो कोणत्या बाजूला होता ते विचारा. तो पहिल्यापासून विरोधात असेल तर दुसरी पायरी पुन्हा करावी लागेल, आणि पहिल्यापासून शायलॉकच्याच बाजूने असेल तर सुरी, तराजू आणि तिसऱ्या पायरीतली ती कापू न देण्याची वाक्ये यांच्याकडे परत जा. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळी वाक्ये सांगितली, तर प्रवेशांना हात न लावता पाठांतर पक्के करायला घ्या.